मद्यकंपनीचे वचन आणि बाटलीमागचा कार्बन

नोव्हेंबर २०२० मध्ये डियाजिओ या लंडनच्या कंपनीने एक वचन जाहीर केले. जॉनी वॉकर, स्मरनॉफ, टँकरे, गिनेस या ब्रँडची ही मालक. तिने सांगितले की २०३० पर्यंत आमच्या स्वतःच्या कारखान्यांचे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर येईल, आणि पुरवठा साखळीतले उत्सर्जन निम्म्यावर. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, स्कॉच व्हिस्की असोसिएशनने साऱ्या स्कॉच उद्योगाच्या वतीने स्वतःच्या कारखान्यांपुरते २०४० हे साल जाहीर केले. फ्रान्सच्या पर्नो रिकारने आपला २०३० पर्यंतचा आराखडा २०१९ मध्येच मांडला होता. मद्य बनवणाऱ्या बहुतेक सर्व मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात आज अशी एखादी तारीख सापडते.

ही सगळी दूरदेशीची गोष्ट वाटेल, पण तशी ती नाही. भारतातल्या युनायटेड स्पिरिट्समध्ये निम्म्याहून जास्त हिस्सा डियाजिओचा आहे. पर्नो रिकारच्या भारतीय कंपनीने २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार करून नागपूरजवळ बुटीबोरीला मोठी माल्ट डिस्टिलरी उभारायचे ठरवले आहे. संख्येने पाहिले तर स्कॉचचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक भारतच आहे. २०२४ मध्ये १९ कोटी २० लाख बाटल्या भरतील एवढी स्कॉच आपल्याकडे आली. शिवाय देशी बनावटीच्या विदेशी मद्याची नाळ थेट उसाच्या फडाशी जुळलेली आहे. जो माणूस आयुष्यात दारूला शिवला नाही, त्याच्याही हवेचा आणि पाण्याचा या हिशेबाशी संबंध येतो. म्हणून असे वचन नीट वाचता आले पाहिजे. माझे म्हणणे असे की त्यातले साल पाहण्याआधी त्याची हद्द पाहावी. कंपनीने कोणते उत्सर्जन आपले मानले आणि कोणते दुसऱ्याच्या खात्यावर ठेवले, यावर त्या वचनाची किंमत ठरते.

आंबवताना निघणारा वायू

सुरुवात मद्य तयार होते त्या टाकीपासून करू. जव असो, गहू असो की उसाची मळी, त्यातली साखर यीस्ट खाते आणि तिचे दोन पदार्थ करते: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. रसायनशास्त्राचे गणित सांगते की १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे जेवढे अल्कोहोल, जवळजवळ तेवढाच वायू. आपल्याकडे मिळणारी ७५० मिलिलिटरची, ४२.८ टक्के तीव्रतेची बाटली घ्या. तिच्यात ३२१ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, त्याचे वजन भरते सुमारे २५३ ग्रॅम. ते तयार होताना टाकीतून सुमारे २४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो.

हा वायू कंपनीच्या मुख्य हिशेबात धरला जात नाही, आणि त्यात लबाडी नाही. जवाने किंवा उसाने तो कार्बन एखाद-दोन वर्षांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. टाकीतून तो हवेत परत जातो. काही डिस्टिलऱ्या तो पकडून शीतपेयांसाठी विकतात. हवामानाचा प्रश्न निर्माण होतो तो लाखो वर्षे जमिनीखाली पुरलेला कोळसा, तेल आणि वायू जाळून वर आणलेल्या कार्बनामुळे. डिस्टिलरीत तो येतो बॉयलरच्या वाटेने.

उकळण्याची किंमत

आंबलेल्या रसाला डिस्टिलरीच्या भाषेत 'वॉश' म्हणतात. त्यात अल्कोहोल जेमतेम ८ टक्के असते. म्हणजे एक लिटर शुद्ध अल्कोहोल हवे असेल तर साडेबारा लिटर वॉश तापवावा लागतो, आणि त्यात बहुतांश पाणीच असते. पाण्याची खोड अशी की ते तापते बऱ्यापैकी लवकर, पण वाफ व्हायला फार उष्णता मागते. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यासाठी सुमारे ३३५ किलोज्यूल ऊर्जा पुरते. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात. चहाचे आधण उकळायला जेवढा गॅस जळतो, त्याच्या पावणेसात पट गॅस ते पातेले कोरडे होईपर्यंत जळेल.

स्कॉटलंडच्या माल्ट डिस्टिलरीत तांब्याच्या भांड्यात हे उकळणे दोनदा होते. पहिल्या भांड्यातून विशीच्या आसपास टक्क्यांचे मद्य निघते, दुसऱ्यातून सत्तरीच्या आसपासचे. दोन्ही वेळा अल्कोहोलबरोबर पाण्याचीही वाफ होते. मग ती वाफ थंड पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन पुन्हा द्रव करतात. म्हणजे एवढ्या खर्चाने वाफेत भरलेली सगळी उष्णता थंड पाण्यात उतरते आणि पिढ्यान्‌पिढ्या ती नदीत किंवा हवेत सोडून दिली गेली. आधी कोळसा जळत होता, मग इंधन तेल आणि नैसर्गिक वायू आला; आयलासारख्या बेटावर वायूची पाइपलाइन पोचलेली नाही, तिथे तेलावर भिस्त राहिली. इंधन बदलले, पण उष्णता फुकट घालवण्याची पद्धत तीच राहिली.

सुधारणेला सर्वांत मोठा वाव इथेच आहे. पर्नो रिकारच्या चिव्हास ब्रदर्सने स्पेसाइडमधल्या ग्लेनटॉकर्स डिस्टिलरीत करून दाखवलेली युक्ती समजायला सोपी आहे. मद्याच्या वाफेने तापलेल्या पाण्यातून कमी दाबाची वाफ काढायची आणि विजेच्या मोठ्या पंख्यांनी ती दाबायची. दाबली की तिचे तापमान चढते, आणि तीच वाफ पुन्हा भांडे तापवायला लावता येते. तीच उष्णता पुन्हा पुन्हा फिरते. बाहेरून फक्त पंख्यांपुरती वीज द्यावी लागते. उष्णता वाचवण्याच्या अशा उपायांनी त्या डिस्टिलरीचा एकूण ऊर्जावापर जवळजवळ निम्म्यावर आला. २०२३ मध्ये कंपनीने ही माहिती प्रतिस्पर्ध्यांसह साऱ्या उद्योगाला खुली केली. बाजारात एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या धंद्यात हे मोठेपणाचे काम आहे, आणि ते मनापासून मान्य केले पाहिजे.

दुसरी वाट इंधन बदलण्याची. मद्य काढल्यावर जवाचा चोथा उरतो. डियाजिओच्या रोझआइल डिस्टिलरीत तो जाळून किंवा त्यापासून बायोगॅस करून ऊर्जा मिळवण्याची सोय बांधकामापासूनच केलेली आहे. ग्लेनफिडिक बनवणाऱ्या विल्यम ग्रँट कंपनीने २०२१ मध्ये अशाच अवशेषांच्या वायूवर आपले ट्रक चालवायला सुरुवात केली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची नकनीन ही लहानशी डिस्टिलरी जवळपासच्या लाकडावर बॉयलर चालवते आणि मद्य भरते पूर्णपणे पुनर्वापराच्या काचेत. अमेरिकेत केंटकीतल्या लेबनन गावी डियाजिओने बुलेट व्हिस्कीसाठी विजेच्या बॉयलरवर चालणारी डिस्टिलरी २०२१ मध्ये सुरू केली.

विजेचा बॉयलर मात्र ज्या गावात बसतो त्या गावच्या विजेइतकाच स्वच्छ असतो. स्कॉटलंडमधले लॉंगॅनेट हे शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र २०१६ मध्ये बंद झाले. वाऱ्यावरची वीज तिथे मुबलक आहे. भारतात अजून सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशातून येते. तेच यंत्र इथे आणून सरकारी तारेला जोडले, तर चिमणी डिस्टिलरीतून उचलून औष्णिक केंद्रावर ठेवल्यासारखे होईल. सौर किंवा पवन विजेचा खरा करार सोबत असेल तरच त्याचा उपयोग.

तीन वर्तुळे

आता हद्दीकडे वळू. कंपन्यांचे उत्सर्जन मोजण्याची जगभर चालणारी पद्धत २००१ पासून प्रचारात आली. तिच्यात तीन वर्तुळे आहेत, त्यांना 'स्कोप' म्हणतात. पहिल्यात कंपनीच्या स्वतःच्या बॉयलरचा आणि वाहनांचा धूर. दुसऱ्यात विकत घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन. तिसऱ्यात उरलेले सगळे: शेतातले धान्य, काचेची बाटली, खोका, जहाज, ट्रक, दुकानातला फ्रीज.

डियाजिओचे वचन या नजरेने पुन्हा वाचा. 'निव्वळ शून्य २०३०' हे पहिल्या दोन वर्तुळांपुरते होते. तिसऱ्या वर्तुळासाठी 'निम्मे' हे लक्ष्य होते, आणि संपूर्ण शून्यासाठी २०५०. मोठ्या मद्यकंपनीच्या उत्सर्जनाचा बहुतांश भाग तिसऱ्या वर्तुळात असतो. म्हणजे बातमीचा मथळा झाला तो वाक्याचा हलका अर्धा भाग. जड अर्धा भाग मागे राहिला. कंपनीने काही लपवले नव्हते, सगळे लिहिलेले होते. वाचणाऱ्यांनी ते पुरते वाचले नाही.

तिसऱ्या वर्तुळातली सर्वांत दिसणारी वस्तू म्हणजे बाटली. काच वितळवायला सुमारे १,५०० अंश तापमानाची भट्टी अहोरात्र पेटती ठेवावी लागते. वर चुनखडी आणि सोडा ॲश हे कच्चे पदार्थ तापले की त्यांच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. जुन्या काचेचा चुरा घातला तर हा दुसरा भाग वाचतो आणि भट्टीला उष्णताही कमी लागते. दर १० टक्के चुऱ्यामागे साधारण अडीच-तीन टक्के ऊर्जा वाचते. पण महागड्या मद्याचा बाजार जड बाटलीवर पोसलेला आहे. तळाशी जाड काच आली की माल भारी वाटतो. त्या समजुतीला धक्का देण्यासाठी जॉनी वॉकर ब्लू लेबलची एक मर्यादित आवृत्ती अवघ्या १८० ग्रॅम वजनाच्या बाटलीत आणली गेली. तेवढ्या काचेतही ७०० मिलिलिटर व्हिस्की सुरक्षित राहते, हे त्यातून सिद्ध झाले. आता प्रश्न तो नमुना रोजच्या, कोट्यवधींनी खपणाऱ्या बाटल्यांपर्यंत किती उतरतो, एवढाच.

भारतात एक चांगली रीत आधीपासून आहे. बरीच स्कॉच आपल्याकडे टाक्यांतून येते आणि इथे बाटलीत भरली जाते. अर्ध्या जगाला वळसा घालून काच वाहून आणण्याचा कार्बन तिथे वाचतो. त्याचप्रमाणे बाटलीभोवतीचा पुठ्ठ्याचा खोका काढून टाकायला पर्नो रिकारच्या भारतीय कंपनीने २०२२ मध्ये सुरुवात केली. घरी नेल्यावर पाच मिनिटांत कचऱ्यात जाणाऱ्या त्या खोक्याची कुणाला उणीव भासली नसेल.

मळी, स्पेंट वॉश आणि दुसऱ्याचे खाते

स्कॉचची गोष्ट जवाची. आपल्याकडची गोष्ट मुख्यतः मळीची आणि धान्याची. देशी बनावटीची रम आणि बऱ्याचशा स्वस्त व्हिस्कीचा पाया म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. ते साखर कारखान्याच्या मळीपासून किंवा धान्यापासून बनते. उसासाठी टाकलेल्या युरियाचा काही भाग मातीतून नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक आहे.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश उरतो. गडद तपकिरी, उग्र वासाचे हे पाणी ओढ्यात गेले की मासे मरतात, विहिरी नासतात. साखरपट्ट्यातल्या गावांना ते वेगळे सांगायला नको. हवामानाच्या दृष्टीने त्याचा धोका आणखी एक. उघड्या खड्ड्यात ते साठवले की ऑक्सिजनविना कुजते आणि मिथेन सोडते. मिथेन शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरतो. तोच मिथेन बंद टाकीत पकडला तर बायोगॅस होतो आणि बॉयलरमधला कोळसा वाचवतो. म्हणजे एकच सांडपाणी, हाताळणीवर ठरते की ते शत्रू व्हायचे की इंधन. आज डिस्टिलऱ्यांना असे पाणी बाहेर सोडता येत नाही. अनेक ठिकाणी ते आटवून चिपाडाबरोबर किंवा कोळशाबरोबर खास बॉयलरमध्ये जाळतात. यातले बरेच तंत्रज्ञान पुण्यातच विकसित झाले आहे. प्राज इंडस्ट्रीजने अशा डिस्टिलऱ्या जगभर उभारल्या आहेत.

आता हद्दीचा खरा मुद्दा पाहा. मोठ्या ब्रँडच्या मालक कंपन्या एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल पुष्कळ प्रमाणात बाहेरून विकत घेतात, आणि काही माल दुसऱ्यांच्या कारखान्यात भरून घेतात. समजा एखाद्या कंपनीने स्वतःची जुनी, कोळशावरची डिस्टिलरी बंद केली आणि तेवढेच अल्कोहोल शेजारच्या साखर कारखान्याकडून घ्यायला सुरुवात केली. तिच्या पहिल्या वर्तुळातले उत्सर्जन एका रात्रीत कोसळेल. अहवालातला आलेख सुंदर दिसेल. पण बॉयलर तसाच पेटलेला असेल, स्पेंट वॉश तसाच निघत असेल. फक्त त्याचे खाते बदललेले असेल. म्हणून भारतात व्यवसाय करणाऱ्या मद्यकंपनीचे 'आमचे कारखाने निव्वळ शून्य' हे वाक्य तिसऱ्या वर्तुळाच्या आकड्याशिवाय अपुरे आहे.

काळाचा गुंता

व्हिस्कीच्या हिशेबात आणखी एक गोष्ट येते, ती दुसऱ्या कुठल्या उद्योगात फारशी नाही: काळ. स्कॉच किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात ठेवावीच लागते. २०३० मध्ये कुणी बारा वर्षांची बाटली विकत घेतली, तर ते मद्य २०१८ किंवा त्याआधी गाळलेले असेल, म्हणजे डियाजिओच्या वचनाच्याही आधी. कंपनीच्या वार्षिक हिशेबात उत्सर्जन ज्या वर्षी झाले त्या वर्षी धरतात. त्यामुळे निव्वळ शून्य गाठलेली कंपनीही पुढची कित्येक वर्षे जुन्या धुराचे मद्य विकत राहील.

पिंपातून मद्य उडतेही. स्कॉटलंडच्या थंड हवेत वर्षाला सुमारे २ टक्के. बारा वर्षांत ते पाचव्या हिश्श्याहून थोडे जास्त भरते. म्हणजे उकळण्यासाठी खर्च केलेल्या उष्णतेचाही पाचवा हिस्सा हवेत गेला. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट बनते किंवा बंगळुरूला अमृत, तिथल्या उकाड्यात हे प्रमाण कितीतरी जास्त असते. वर्षाला ८ टक्के धरले तर पाच वर्षांत तिसरा हिस्सा उडतो. दुसऱ्या बाजूने उष्ण हवेत मद्य लवकर मुरते, त्यामुळे इतकी वर्षे थांबावेही लागत नाही. एका देशाचा हिशेब दुसऱ्या देशाला जसाच्या तसा लागू पडत नाही, तो असा.

काळामुळे आणखी एक फसगत होऊ शकते. मागणी मंदावली की डिस्टिलरी काही महिने बंद ठेवतात, कारण गोदामात वर्षानुवर्षांचा साठा असतो. त्या वर्षी उत्सर्जन घटते, पण सुधारणा काहीच झालेली नसते. म्हणून एकूण उत्सर्जन आणि दर लिटरमागचे उत्सर्जन हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच पाहावे लागतात. दर लिटरमागचा आकडा उतरला आणि खप दुप्पट झाला, तर हवेच्या वाट्याला जास्तच येते.

वचन तपासायचे कसे

'निव्वळ' हा शब्द प्रामाणिकपणे वापरायचा तर आधी उत्सर्जन कमी करायचे आणि अगदी न टाळता येणारे उरेल तेवढेच झाडे लावून किंवा अन्य मार्गाने भरून काढायचे. कंपन्यांची लक्ष्ये विज्ञानाशी ताडून पाहण्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या सायन्स बेस्ड टार्गेट्स उपक्रमाने २०२१ मध्ये निव्वळ शून्याची कसोटी ठरवली. तिच्यानुसार बहुतेक कंपन्यांनी किमान ९० टक्के उत्सर्जन स्वतः कमी केले पाहिजे, तिन्ही वर्तुळांत. त्याउलट कार्बन क्रेडिट विकत घेऊन 'कार्बन न्यूट्रल' म्हणवणे पैशांचे काम आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदाच केला. केवळ क्रेडिटच्या आधारावर एखाद्या वस्तूला हवामानस्नेही म्हणवणे २७ सप्टेंबर २०२६ पासून तिथे चालणार नाही.

भारतातही पाया पडला आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. सेबीने २०२२-२३ पासून आघाडीच्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केला. पण त्या अहवालात पहिल्या दोन वर्तुळांची माहिती अनिवार्य आहे आणि तिसऱ्याची ऐच्छिक. मद्य उद्योगात नेमके जिथे सर्वांत जास्त वजन आहे, तीच जागा ऐच्छिक राहिली. हे बदलले पाहिजे.

तारखा चुकतात, हेही मान्य करावे. स्कॉटलंडच्या सरकारने २०३० पर्यंत उत्सर्जन ७५ टक्के घटवण्याचे लक्ष्य कायद्यात घातले होते; एप्रिल २०२४ मध्ये ते सोडून देत असल्याचे त्यालाच जाहीर करावे लागले. चुकलेले लक्ष्य उघडपणे सांगणारी कंपनी मला वर्तुळे गुपचूप बदलणाऱ्या कंपनीपेक्षा जवळची वाटते.

महाराष्ट्र सरकारला मात्र कुणाच्या वचनाची वाट पाहायचे कारण नाही. राज्य उत्पादन शुल्क विभाग मद्याच्या एकेका लिटरची नोंद ठेवतो. अल्कोहोल कोणत्या डिस्टिलरीतून निघाले आणि कोणत्या कंपनीकडे गेले, हे त्याच्या कागदांवर आधीच आहे. त्या नोंदींना इंधनाचा आणि स्पेंट वॉशचा एक रकाना जोडला, तर ब्रँडच्या मालकाला 'ते आमच्या हद्दीत येत नाही' म्हणायला जागा उरणार नाही. बाटलीचेही तसेच. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यात दर बाटलीमागे दहा रुपये अनामत घेऊन रिकामी बाटली परत आणल्यावर ती द्यायला सुरुवात झाली. जंगलातल्या फुटक्या काचांनी प्राणी जखमी होत होते, तिथून तो प्रश्न न्यायालयात गेला होता. आपल्याकडे भंगारवाले हे काम वर्षानुवर्षे करतात, तुटपुंज्या भावात आणि कुठल्याही ओळखीशिवाय. त्यांना सोबत घेऊन अशी अनामत महाराष्ट्रात आणि गोव्यात सुरू केली, तर काचेची भट्टी कमी पेटेल, गडकिल्ल्यांच्या आणि समुद्राच्या वाटेवरची काच कमी होईल, आणि कंपन्यांच्या तिसऱ्या वर्तुळातली घट अहवालाबाहेरही मोजता येईल.